डर्बनच्या घराचा नकाशा

आर्किटेक्टच्या ऑफिसात घर उभं राहायला दोन वर्षं लागतात, किस्सा उभा राहायला एक कप चहा पुरतो. सत्तरच्या दशकात नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये किस्से इतके साचले की फायलींना जागा उरली नाही, आणि त्यातले निम्मे एकट्या नायडूसाहेबांचे!

साहेब आमचे मुख्य आर्किटेक्ट, मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. पणजोबा मद्रासकडून तिथे उसाच्या मळ्यात मजुरीला गेलेले. साहेब शिकायला भारतात आले आणि नागपूरच्या मुलीच्या प्रेमात पडले. तिकडच्या गोऱ्या सरकारनं बायकोला येऊ दिलं नाही, म्हणून साहेबच इथे राहिले. आई मात्र तिकडे, स्वतःच्या घरात. ती वस्ती आता गोऱ्यांसाठी राखीव झाली, घर केव्हाही जाईल, अशी पत्रं यायची. पत्र आलं की साहेब दिवसभर पेन्सिलींना टोक करत बसायचे.

*

मराठी ते आमच्याकडूनच शिकले, म्हणजे अस्सल नागपुरी. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका प्रोफेसरांनी अदबीनं विचारलं, आपण मूळचे कुठले?

"आफ्रिकेचा आहो मी. काहून?"

प्रोफेसर प्लॅन न बघताच चहा पिऊन गेले.

*

साहेबांच्या प्रत्येक घराला वऱ्हांडा असायचाच. एक क्लायंट हटून बसले की वऱ्हांडा कापा, खोली वाढवा. साहेबांनी त्यांना डर्बनचा आख्खा रस्ता कागदावर काढून दाखवला. डच लोकांच्या घरांची छपराखालची वळणदार कपाळं, इंग्रजांचे पत्र्याचे बंगले, तिथल्या भारतीयांच्या अंगणात बांबूवर देवाचा झेंडा. कोण कुठून आलं, ते दारात न जाताच कळतं, म्हणाले. क्लायंट खूश झाले. वऱ्हांडा राहिला, वर त्यांनी झेंड्यासाठी बांबूही मागितला!

*

सक्करदऱ्याजवळचा एक प्लॉट. मालक म्हणाला, इथे कधीच कोणी राहिलं नाही. साहेब गवतातून एक चक्कर मारून आले.

"अळू उगून राहिलं ना, तिथं मोरी होती. म्हणजे स्वयंपाकघर ह्या अंगाले."

मालक हसला. पाया खणताना बरोबर तिथेच जुनी चूल निघाली. त्यानंतर तो साहेबांना मुलीची पत्रिकाही दाखवायला घेऊन आला.

*

पण साहेबही एकदा सपशेल चुकले. आमचा ड्राफ्ट्समन शंकर कोष्ट्याचा. त्याच्या घरी पुढच्या खोलीत मागाचा खड्डा, विणताना पाय सोडून बसायचा. माग कधीच विकला गेलेला. साहेबांनी नव्या घराच्या नकाशात लिहिलं, खड्डा बुजवणे. शंकरचे वडील त्यात उतरले आणि उठेचनात.

"माग विकला गा साहेब, बसायची जागा नाही विकली."

साहेबांनी नकाशा तिथेच फाडला. आख्खं घर त्या खड्ड्याभोवती पुन्हा बसवलं. आजही त्या घरी पाहुणे पाय सोडून चहा पितात.

*

आणि एक दिवस ते पत्र आलं. आईला साहेबांच्या भावानं स्वतःच्या घरी नेलं होतं. जुनं घर सरकारनं पाडलं. अंगणातला आंबा तेवढा उभा होता.

साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत ते घर आठवून काढायला घेतलं. स्वयंपाकघराची रुंदी काही केल्या आठवेना. मग डोळे मिटून, आई चालायची तशी, त्यांनी आमच्या टेबलांमधून चार पावलं टाकली. आम्ही टेप धरला. एरवी आम्ही कशालाही हसायचो, त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्या माणसाचा आम्हाला फार लळा होता.

नकाशा पुरा झाला, रंग भरायचे राहिले. मंजुरीच्या नकाशात जे उभं आहे ते काळं, पाडायचं ते पिवळं, नवं बांधायचं ते लाल. हे साहेबांनीच आम्हाला शिकवलेलं. शंकरनं पिवळ्या रंगाची बाटली पुढे केली.

साहेबांनी तिचं झाकण घट्ट लावलं. आंबा काळ्या शाईनं काढला. मग हात पुढे केला.

"लाल दे गा, शंकर."