दिव्याआड दोन हात

खरं सांगते, त्या भाद्रपदात माझा देवावरचा विश्वास ताकासारखा पातळ झाला होता. आम्ही नवरा-बायको जर्मनीत राहतो. माझं माहेर भोरचं, सासर वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला. मूल होणार नाही हे एकदा मान्य केल्यावर आम्ही भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि परदेशात राहणाऱ्यांसाठीच्या त्या लांबलचक वाटेला लागलो. तिकडच्या समाजसेविका घरी येऊन गेल्या. त्यांनी खोल्या पाहिल्या, आमची भांडणं कशावरून होतात तेही विचारलं. पोलिसांचे दाखले, डॉक्टरांचे दाखले, भाषांतरं, शिक्के, आणि मग नुसती वाट पाहणं. असे किती हिवाळे गेले ते मी मोजायचं सोडून दिलं. आणि एक दिवस सायलीचा फोटो आला. सहा वर्षांची, केस कपाळावर आलेले, कॅमेरा सोडून भलतीकडेच बघणारी. मी फोनवर हात फिरवत कितीतरी वेळ रडले. वाटलं, पावलं बाई एकदाचं.

पण मूल एवढं मोठं असलं की कायदा त्याचंही मत विचारतो, आणि ते रास्तच आहे. हुकूम होण्याआधी अधिकारी सायलीला एकटीला समोर बसवून विचारणार होते, या लोकांबरोबर जायचं का तुला? ती नाही म्हणाली तर सगळं तिथंच थांबणार. तोवर ती जिथं वाढत होती त्या संस्थेने तिला रीतसर आमच्याकडे सांभाळायला दिलं होतं, म्हणून रजा काढून तिला घेऊन आम्ही गावी आलो. आणि सायली बोलेना. संस्थेत ती बोलायची, धाकट्या पोरांना दटावायची, त्यांची नाकं पुसायची, हे मी स्वतः पाहिलं होतं. आमच्याकडे मात्र फक्त मान हलवायची, तीही समोरचा दमला की.

आमच्या मावळात पाहुण्याचं फार करतात. त्याला पाटावर बसवायचं, पहिलं ताट त्याचं, ऊन ऊन भातावर तूप त्याला आधी. तो उठायला लागला की चारही बाजूंनी 'बसा, बसा' सुरू. पाहुण्याला काम सांगणं म्हणजे नाक कापून घेणं. माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, हा सगळा थाट सायलीसाठी मांडला. घरादाराने तिला 'सायलीबाई' म्हणायचं ठरवल्यासारखंच झालं. ती जेवून ताट उचलायला वाकली की आम्ही तिघंही धावायचो. तिनं अंथरुणाची घडी घातली तर आत्या हळूच ती मोडून पुन्हा घालायच्या. मग सायली ओटीवर जाऊन बसायची आणि खाचरांवरून सरकणारं धुकं बघत राहायची. तिच्याकडे बघताना माझ्या मनात यायचं, ही नाही म्हणेल. आणि कधीकधी त्याहून वाईट यायचं. वाटायचं, हिनं नाहीच म्हणावं की काय? आपण कोण हिला सातासमुद्रापार नेणारे?

"येल्ह्याच्या मेंगाईदेवीच्या पायावर घालून आणा तिला," एके दिवशी आत्या म्हणाल्या. "नवं मानूस घरात आलं की पयलं आईला दावायचं आस्तं. तुमी परदेशातली मान्सं, इसरला आसाल."

मी मनात म्हटलं, आत्या, देवीच्या हातात असतं तर एवढे शिक्के कशाला लागले असते. पण त्यांच्यापुढं बोलायची टाप नव्हती. पिशवीत खण, तांदूळ, तूप, निरांजन भरलं आणि आम्ही तिघं एसटीत बसलो.

तो रस्ता मला आजही अर्धा झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. धुक्यात तोरणा जागेवर आहे की नाही हेसुद्धा कळत नव्हतं. भात फुलोऱ्यावर आलेला, त्याचा गोडूस वास खिडकीतून येत होता. बांधावरची सोनकीची फुलं तेवढी पिवळी दिसायची, बाकी सगळं पांढरं. सायलीनं हात खिडकीबाहेर काढून मूठ मिटली, आत घेऊन उघडली, ओला तळवा पाहिला आणि पुन्हा हात बाहेर काढला. मी 'हात आत घे' म्हणायला हवं होतं, पण तेवढंही बोलायचा मला धीर झाला नाही. वेल्ह्यात उतरल्यावर यांच्या लक्षात आलं की नारळ घरीच राहिला. ते बाजाराकडे वळले आणि आम्ही दोघी देवळात गेलो.

देवळात कुणी नव्हतं. आतही धुकं शिरलेलं, देवीचा शेंदूर तेवढा त्यातून लाल दिसत होता. मी ओटी भरली, निरांजनात तूप घातलं आणि काडी ओढली. दारातून वारा यायचा आणि काडी विझायची. दुसरी विझली, तिसरी दमट म्हणून पेटलीच नाही. सायली खांबाला टेकून उभी राहून बघत होती. एवढी वर्षं सगळं निगुतीनं केलेली मी, आणि साधी वात लागेना. मला एकाएकी रडू फुटलं. मी देवीला म्हणाले, अगदी आवाज काढून म्हणाले, "मला नाही जमत गं आता. तूच बघ."

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. "काय गं ठमे, खांब काय पळून चाललाय व्हय? आयचा दिवा लागंना अन् तू आपली बघत हुबी. आड धर की हात!"

दारात एक म्हातारी उभी होती. काष्टा घातलेलं लुगडं, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, तिच्यावरून पाणी निथळत होतं. मी घाईघाईनं म्हणायला गेले, "अहो राहू द्या, ती..." आणि थांबले. 'ती पाहुणी आहे' हे माझ्या ओठावर आलं होतं. माझ्याच लेकीला मी पाहुणी म्हणणार होते. घरात इतके दिवस आम्ही सगळे तिला हेच सांगत होतो, ताटागणिक, घासागणिक. बिचारीला वाटत असणार, पाहुणी म्हणजे चार दिवसांनी परत जाणारी.

सायली खांब सोडून आली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं आपले दोन्ही तळवे निरांजनाला आड धरले. मी काडी ओढली. ज्योत थरथरली, वाकली आणि उभी राहिली. त्या उजेडात तिची बोटं आतून लाल दिसत होती. मी अजून काडी धरूनच बसले होते, तर सायली म्हणाली, "टाक ती. हात भाजंल."

तो तिचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

म्हातारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं कुंकू लावलं, देवीपुढं डोकं टेकलं. कुठल्या तुम्ही, असं मी विचारलं. "म्या हिर्डोशीची. लेक दिलीया हितं," ती म्हणाली. मग सायलीच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाली, "पोर तरतरीत हाय. जरा कामाला लाव, लई लाडावून ठिवलीयास." आणि गेली. हे नारळ घेऊन आले तोवर बाहेर नुसतं पांढरं होतं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर सायली ताट उचलायला लागली तशी आत्या धावल्या. मी म्हटलं, "आत्या, करू द्या तिला. घरचीच आहे." आत्यांनी पुढं केलेला हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सायली खाचरातून तशीच आत येत होती, तर आत्यांचा आवाज घुमला, "ए सायले! चिखुल घिऊन कुठं चाललीस घरात? पाय धू आदी!" मी तिला सावरायला धावले. सायली मात्र खुदकन हसली. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा हसली आणि पाय धुवायला पळाली. पाहुण्याला कुणी रागवत नाही हे तिला आमच्याआधी कळलेलं होतं. पुढं ती कोंबड्या कोंडू लागली, मला भाकरी थापताना पाहून हसू लागली, आणि भाकरीचा नकाशा झाला की आत्यांना हाक मारून दाखवू लागली.

मी त्या म्हातारीसाठी लुगडं घेऊन हिर्डोशीलाही गेले. वेल्ह्यात लेक दिलेल्या दोघीतिघी तिथं निघाल्या, पण ती त्यांतली कुणी नव्हती. मी फार खोदून विचारलं नाही. तिथल्याच देवळात लुगडं ठेवलं आणि नमस्कार करून परत आले. ती कोण होती हे मला ठरवायचं नाही. मी 'नाही जमत' म्हटलं आणि कुणीतरी दारात उभं होतं, एवढंच मला ठाऊक आहे. तोवर मी देवापुढंही सगळं स्वतःच करून दाखवायला जात होते. भरल्या हातांनी गेलेल्या माणसाला कुणी हात द्यायचा तरी कसा?

मग तो दिवस आला. कचेरीत सायलीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. आम्ही बाकावर बसलो. या वेळी मी काही मागितलं नाही, नवस बोलले नाही. तिचं जे उत्तर असेल ते तुझं, एवढंच मेंगाईला म्हटलं, आणि नवल म्हणजे मला शांत वाटलं. थोड्या वेळाने दार उघडलं. सायली बाहेर आली आणि काहीच घडलं नसल्यासारखी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली शोधू लागली. मागून अधिकारी बाई आल्या. त्या डोळ्यांतलं पाणी लपवत हसत होत्या.

म्हणाल्या, "मी विचारलं, यांच्याबरोबर जायचं का? तर 'व्हय' म्हणाली. का जायचं, विचारलं. तर म्हणाली, आईला मी लागते."