एकशे तेवीस आणि एकशे तेवीस

“तुम्ही वाचा बाई, मंग खरं.”

कागद पुढे धरताना तो हे म्हणायचाच. आधी हात शर्टाला पुसायचा, मग कागद दोन्ही हातांनी द्यायचा. चौथीपर्यंत शिकलेला होता, मराठी अक्षरं त्याला लागत होती. तरी मी मोठ्याने वाचल्याशिवाय कागदावरचं त्याला पटत नसे. एकदा मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मी तारीख, वेळ, ठिकाण वाचलं. खाली निमंत्रकांत त्याचंही नाव छापलेलं होतं. “नाव मन्हंच शे ना?” मी हो म्हटलं, तेव्हा कुठे लग्नाला जायला मोकळा झाला.

तुम्ही दोघा नातवंडांनी त्याला पाहिलेलं आहे. तळोद्याच्या आपल्या घरासमोर चिंचेखाली जी जीप उभी असायची, सातपुड्यातल्या वरच्या गावांना जाणारी, ती त्याची. तुम्ही टपावर चढलात म्हणून त्याने तुम्हाला दटावून उतरवलं होतं आणि नंतर स्वतःच स्टिअरिंगवर बसवलं होतं. घरी तो पावरी बोलायचा, जीपमध्ये अहिराणी, आणि माझ्याशी अहिराणीत शाळेची मराठी मिसळून.

त्याच्या मुलीला पोलीस व्हायचं होतं. खरं म्हणजे कोणाच्या मनात आधी आलं, तिच्या की त्याच्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मैदानी परीक्षेत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. जीपचा किलोमीटरचा काटा कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेला. म्हणून त्याने वायरमनला गाठून विजेच्या दोन खांबांमधलं अंतर विचारलं आणि रस्त्यावर खांब मोजून आठशे मीटर आखले. सकाळच्या पहिल्या फेरीला मुलगी पुढे धावायची आणि भरलेली जीप तिच्यामागे हळूहळू चालायची. ती मंदावली की हा हॉर्न वाजवायचा. आत बसलेली माणसं हात बाहेर काढून “पय, पय!” असं ओरडायची. कुणाला बाजाराला उशीर होत असेल, पण तक्रार केलेली मी ऐकली नाही.

गोळाफेकीसाठी त्याने नदीतून गोल दगड आणला आणि चार किलो भरतो का ते पाहायला वाण्याच्या काट्यावर ठेवला. वाणी म्हणाला, “दगडले पिशवी देऊ का?” हा म्हणाला, “पोर फौजदार व्हयनी ना, मंग तुन्हा काटा पहिले तपासाले लावसू.”

मैदानात तिला पन्नासपैकी एक्केचाळीस मिळाले. लेखीत शंभरपैकी ब्याऐंशी. तो कागद घेऊन आला, मी वाचला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे वा, फर्स्ट क्लास!”

ही चूक माझी. मी सगळी नोकरी शाळेत काढली. पस्तीसला पास, साठला पहिला वर्ग, एवढंच माझं गणित. त्याने त्या दिवशी जीपमधल्या प्रत्येकाला जिलेबी दिली.

संध्याकाळी मुलगी आली. माझ्यावर रागावली नाही, पण समजावून सांगितलं. “बाई, हे पास-नापास नसतं. लेखीत चाळीस पडले की नुसतं मोजणीत धरतात. मग मैदानाचे नि लेखीचे मिळून यादी लागते. माझे एकशे तेवीस झाले. दुसऱ्या मुलींचे किती, त्यावर माझं.”

दुसऱ्या दिवशी मी ते त्याला सांगायचा प्रयत्न केला. तो चिंचेच्या बुंध्याला टेकून ऐकत होता.

“म्हंजे ब्याऐंशी कमी की जास्त?”

“ते अजून कोणालाच माहीत नाही.”

“तुमलेबी नही?”

“मलाही नाही.”

माझ्याकडे त्याने असं पाहिलं, की मीच कुठे तरी नापास झाले असावे.

यादी लागली त्या दुपारी मुलगी एकटीच आली. फोनवर यादी होती. त्यांच्या प्रवर्गातल्या मुलींच्या रकान्यात शेवटी निवडलेल्या मुलीचे गुण एकशे तेवीस. त्याखाली रेघ आणि रेघेखाली प्रतीक्षा यादीत पहिलं नाव हिचं, तेही एकशे तेवीस.

“गुण सारखे असले की वयाने मोठी असेल तिला वर घेतात,” ती म्हणाली. “ती कागदावर माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे. बाई, बा आला की त्याला हे नका सांगू. जागा कमी होत्या, एवढंच सांगा.”

“का गं?”

ती फोन ओढणीत गुंडाळून निघून गेली.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दुकानातून छापून आणलेली यादी त्याच्या हातात होती. मी म्हटलं, “जागा कमी होत्या रे. पुढच्या भरतीला होईल.” पण आकडे त्याला चांगले वाचता येत होते. त्याने रेघेच्या वर बोट ठेवलं, मग खाली.

“दोन्ही सारखाच शे ना? मंग ती आत नि मन्ही पोर बाहेर कशी?”

मला खोटं सुचलं नाही. मी सांगितलं, “सारखे असले की वयाने मोठी असेल ती आत.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “आवो बाई, मंग ते चांगलंच व्हयनं! मन्ही पोर मोठी शे! दाई अजून जित्ती शे, तिले इचारा. आश्रमशाळामा टाकं तधय मीच मास्तरले सांगेल व्हतं, दोन वरीस कमी लिखा. सरकारी नोकरीले वय लागस म्हणीसन.”

हे तो मोठ्या आनंदाने बोलला. समोरचा चहावाला ऐकत होता, त्यालाही त्याने हात करून बोलावलं. माझ्या हातात मुलीचा शाळेचा दाखला दिला आणि म्हणाला, “यामा काय लिखेल शे?”

मी जन्मतारीख वाचली. एक जून, आणि ते दोन वर्षं पुढचं साल.

त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचली. मग तो पायरीवर बसला. चहावाला काही न विचारता परत गेला. जीप भरली होती, आतून कोणीतरी हाक मारत होतं, त्याला ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, “अरे, तिला वय आहे अजून. पुन्हा बसेल.”

“तेच तर राखेल व्हतं, बाई,” तो म्हणाला. “वयच राखेल व्हतं.”

दोन दिवसांनी तो कोरा कागद घेऊन आला. भरतीच्या साहेबांना अर्ज लिहायचा होता. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. चूक बापाची आहे, पोरीची नाही. मास्तरांचीही नाही. दाई साक्षीला यायला तयार आहे. काय शिक्षा असेल ती मला करावी, पोरीला तिचं खरं वय द्यावं. मी त्याला सांगितलं, की दाखल्यावर जे आहे तेच धरतात, यातून काही होणार नाही. “तुम्ही लिखा तर खरं,” तो म्हणाला. मी सुवाच्य अक्षरात दोन प्रती केल्या, त्याने सही केली, आणि उत्तरासाठी पत्ता माझा दिला.

त्यानंतर पोस्टमन येऊन गेला, की थोड्याच वेळात त्याची जीप येई. फाटकाशी वेग कमी व्हायचा. तो माझ्याकडे बघायचा, मी नाही म्हणून मान हलवायची, आणि जीप पुढे जायची. पावसाळाभर हे चाललं. मी वेळ चुकवली नाही. बरं नव्हतं त्या दिवशीसुद्धा शाल घेऊन उभी राहिले.

मुलगी नंदुरबारला वसतिगृहात राहायला गेली, पुढच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिच्यामागे जीप नसते.

मग एका सकाळी जीप आली, आणि वेग कमी झाला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी फाटकाला धरून उभी होते. जीप वळणावर दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली, आणि आज मान हलवावी लागली नाही म्हणून मला बरं वाटलं.