डॉक्टरचं रिव्हॉल्व्हर

एका गुरुवारी संध्याकाळी झरीहून परत येताना दोन माणसांनी माझ्या बायकोची गाडी अडवली. त्यांनी तिचं मंगळसूत्र, घड्याळ आणि फोन घेतला आणि गाडीची किल्ली शेतात फेकली. ती चालत पुन्हा झरीला गेली. तिथून कुणाच्या तरी फोनवरून मला म्हणाली, "मला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."

मी तिला डॉक्टर म्हणत असे. लग्न ठरलं तेव्हा चेष्टेत म्हणू लागलो, आणि मग दुसरं काही तोंडात बसलंच नाही. डहाणूच्या बाजारात तिचा दवाखाना होता. बाहेर दोन बाकडी, आत हिरवा पडदा. पडद्यामागून तिचा आवाज दिवसभर येई, आणि त्यातलं एक वाक्य साऱ्या गावाला पाठ झालं होतं. पोराला ताप आला म्हणून रडत आलेली आई असो, छातीत दुखतंय म्हणून घामाघूम झालेला मासळीवाला असो, डॉक्टर म्हणायची, "आधी बघू. मग घाबरू." बहुतेकांची घाबरायची वेळ येत नसे. ज्यांची येई त्यांच्याजवळ ती खुर्ची ओढून बसे आणि बाहेरची रांग खुशाल वाढू देई.

दर गुरुवारी दुपारी ती तलासरी तालुक्यातल्या झरीला जायची. तिथे रूपजी नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीत तिचा दुसरा दवाखाना भरे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझं जग कपाटांच्या रांगांमध्ये होतं, आणि झरी मला तिच्या बोलण्यातूनच माहीत होती. तिथली पोरं डॉक्टरला घाबरत नाहीत याचा तिला फार अभिमान होता. त्यामागची युक्ती तिचीच होती. तिच्या कापडी पिशवीत तळाशी लिमलेटच्या गोळ्या असत, आणि त्या ती स्वतः कधीच देत नसे. पोरांनी पिशवीत हात घालून शोधायच्या. शोधता शोधता हाताला स्टेथोस्कोप लागे, कापूस लागे, रक्तदाबाचं यंत्र लागे. "एकदा हात लावला की भीती जाते," ती म्हणे. त्या पिशवीवर गावातल्या सगळ्या पोरांचा हक्क होता.

गाडी अडवली त्यानंतर मी म्हणालो, "झरी बंद." पुण्याहून मुलीनेही फोनवर तेच सांगितलं. डॉक्टर आमचं ऐकून घेत होती आणि भेंडी चिरत होती. शेवटी म्हणाली, "झरी सोडून काय सांगायचं ते सांगा." तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तोडगा काढला. डहाणूजवळ आगर गावी त्याची चिकूची वाडी आहे आणि वाडीच्या राखणीसाठी त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना एक लहानसं रिव्हॉल्व्हर घेऊ या. कुणाला दिसणार नाही असं. आम्ही पण निवांत, त्या पण मोकळ्या." डॉक्टरने सुरी खाली ठेवली. "म्हणजे ते घेतलं तर झरी चालू?" मी हो म्हणालो. "मग घेऊ."

परवान्याच्या चौकशीला पोलीस ठाण्यातून एक हवालदार घरी आले. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या जिवाला नक्की कोणापासून धोका आहे?"

"नावं माहीत असती तर तुम्हाला नसती का दिली?"

हवालदार हसले. मग त्यांनी आपला गुडघा दाखवला. डॉक्टरने तो तिथेच वाकवून, सरळ करून पाहिला आणि जिना चढायचा नाही असं बजावलं. बऱ्याच महिन्यांनी, पालघरच्या पुष्कळ फेऱ्यांनंतर आणि एका शिबिरात पत्र्याच्या पाटीवर नेम धरायला शिकल्यानंतर परवाना आला. शिबिरात तिचा नेम बरा लागला होता. मी कौतुक केलं तर म्हणाली, "पाटी उभी होती हो. पाटीला आई नसते."

रिव्हॉल्व्हर घ्यायला आम्ही मुंबईच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे गुजराती गृहस्थ होते. त्यांनी मखमली डब्यातलं एक छोटं, चकचकीत रिव्हॉल्व्हर समोर ठेवलं. "बेन, लेडीज लोक हाच घेतात. पर्समध्ये आरामात जाते. वजन तर समजा कायच नाय."

"डबा फार सुंदर आहे," डॉक्टर म्हणाली, "पण मला डबा फेकून मारायचा नाही ना." तिने रिव्हॉल्व्हर तळहातावर तोललं. "इतकं हलकं आहे म्हणजे हाताला झटका जास्त बसणार."

"ते तर आहे, बेन," शेठ जरा सावरून बसले.

"रिकामं आहे ना? दाबून बघू?"

शेठनी फिरतं चक्र उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं. डॉक्टरने नळी जमिनीकडे केली आणि घोडा दाबला. वर्षानुवर्षं इंजेक्शनं देऊन तिच्या तर्जनीचा सांधा सुजलेला असे. घोडा अर्ध्यावर अडला. "हे दाबेपर्यंत समोरचा माणूस म्हातारा होईल," ती म्हणाली. मग शेठनी एक चपटं पिस्तूल दाखवलं. त्याचा वरचा भाग आधी मागे ओढावा लागे. तेही तिने परत दिलं. "घाबरलेल्या माणसाला दोन कामं सुचत नाहीत. एकच काम असेल असं द्या." असं करता करता तिने जे निवडलं ते होतं आखूड नळीचं, पण मूठ भरेल एवढं, मखमलीवाल्यापेक्षा जड आणि दिसायला अगदी साधं. दवाखान्यासाठी कात्री घेतानाही ती अशीच हाताला विचारून घेई.

पैसे द्यायच्या आधी तिने शेठना विचारलं, "गोळी माणसाच्या आत जाऊन काय करते ते मला ठाऊक आहे. पण मागे दुसरं कोणी उभं असेल तर त्याला लागणार नाही, अशी काही सोय असते का?"

"असा तर काय येत नाय, बेन," शेठ हळूच म्हणाले.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मनोर मागे पडल्यावर ती म्हणाली, "ते म्हणाले, लपवायला सोपं. माझ्याकडे लपवायला जागा कुठे आहे?" मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी म्हणालो, "पिशवी आहे की."

पहिल्या गुरुवारी तिने ते पिशवीतच नेलं. पुढच्या आठवड्यात मात्र बाजारातल्या शिंप्याकडून जाड कापडाचा एक बटवा शिवून आणला आणि कमरेला, पदराआड बांधला. मी विचारलं तर म्हणाली, "पिशवीत नको." मला ते पटलं. त्यानंतर दर गुरुवारी मी दारात उभा राही. तिच्या कमरेकडे बघून विचारी, "घेतलं ना?" ती म्हणे, "घेतलं सगळं." पदराखालचा तो उंचवटा पाहिला की माझी दुपार बरी जाई. ग्रंथालयात बसून मी कॅटलॉगची कार्डं लावी आणि मनात म्हणे, तिच्याजवळ आहे.

पुढे निवडणूक जाहीर झाली. अशा वेळी परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्याचा फोन नेमका गुरुवारी आला. मी सांगितलं, "ते मॅडमच्या अंगावर आहे. उद्या आणून देतो." संध्याकाळी डॉक्टर आली, पाय धुतले, निरोप ऐकला आणि थेट कपाटाकडे गेली. साड्यांच्या मागून तिने रिव्हॉल्व्हर काढून माझ्यापुढे ठेवलं. बटवा अजून तिच्या कमरेलाच होता.

"मग ते काय आहे?" मी विचारलं.

 ती खाली बसली आणि बटवा उघडला. आत रक्तदाबाच्या यंत्राचा जुना रबरी फुगा होता.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही दारात उभं राहून बघता. तुम्हाला काहीतरी दिसायला हवं होतं."

मग तिने सांगितलं. पहिल्या गुरुवारी पिशवीत रिव्हॉल्व्हर सगळ्यात खाली ठेवलं होतं. डॉक्टर एका म्हातारीचं पोट तपासत होती. रूपजीची धाकटी, सविता, नेहमीसारखी आली आणि पिशवीत कोपरापर्यंत हात घालून बसली. डॉक्टरचं लक्ष गेलं तेव्हा पोरीने कातडी कव्हरासकट ते अर्धं बाहेर काढलं होतं आणि विचारत होती, "बाय, ह्या काय हाय?" डॉक्टरने झडप घालून तिचं मनगट धरलं. "रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या मी भरलेल्याच नव्हत्या," ती मला म्हणाली. "भरायला हातच होईना. पण ते त्या क्षणी मलाही आठवलं नाही. टोचतानासुद्धा मी कुठल्या पोराला इतकं आवळून धरलं नसेल. ती रडली नाही हो. नुसती मागे सरकली. नंतर कितीतरी गुरुवार एकही पोर पिशवीकडे फिरकलं नाही."

मला राग आला होता. पण मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही. मी एवढंच म्हणालो, "म्हणजे इतके दिवस तू मोकळीच जात होतीस. आता झरी बंद. आपलं तसंच ठरलं होतं."

"ठरलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही झरी पाहिली आहे का?"

मी पाहिली नव्हती.

"आधी बघा. मग घाबरा."

पुढच्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि तिच्या शेजारी बसून गेलो. पडवीत शेण सारवलेलं होतं, एका खांबाला वजनकाटा टांगला होता. पंचवीस-तीस माणसं आधीच येऊन बसली होती. त्यांनी मला पाहून घेतलं. एका म्हातारीने डॉक्टरला विचारलं, "ह्यो तुझा घोव? काय काम करं?" डॉक्टर म्हणाली, "पुस्तकं सांभाळतो." म्हातारीला माझी दया आली असावी. तिने मला बसायला आपली घोंगडी सरकवली. मी रिकामा बसलेला बघून डॉक्टरने माझ्या हातात पेन आणि कागद दिले. "नावं लिहा. तुमचं अक्षर तरी वाचता येतं."

परत निघायला दिवस मावळला. थोडं पुढे आलो आणि आरशात एक दिवा दिसू लागला. आम्ही सावकाश झालो की तोही सावकाश होई. "डॉक्टर, मागे कोणीतरी आहे."

"रूपजी आहे."

"कशाला?"

"मला अडवलं होतं ना, त्या दिवसापासून येतो. मोठ्या रस्त्यापर्यंत सोडतो आणि परत जातो. मी सांगितलं नव्हतं यायला. येऊ नकोस म्हटलं तरी ऐकत नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला मोटरसायकल चालली नसती. तुम्हाला रिव्हॉल्व्हर हवं होतं."

मोठ्या रस्त्याला लागताना मागचा दिवा वळला आणि दिसेनासा झाला. झरी बंद करायची गोष्ट मी पुन्हा काढली नाही. निवडणूक संपल्यावर रिव्हॉल्व्हर परत आणलं, पुसलं आणि साड्यांच्या मागे ठेवलं. माझी निवृत्ती जवळ आलीच होती. त्यानंतर मी प्रत्येक गुरुवारी तिच्याबरोबर जाऊ लागलो. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. पण माझी बायको काम कसं करते हे मी पहिल्यांदा त्या पडवीत पाहिलं. ती रोग्याचा हात हातात घ्यायची तो नाडीसाठी, पण नाडी मोजून झाली तरी सोडायची नाही. मी नावं लिहायला शिकलो, मग वजन घ्यायला, मग रक्तदाब मोजायला. माझं चुकलं की ती सगळ्यांसमोर म्हणे, "ग्रंथपाल, हा माणूस जिवंत आहे, इतका कमी आकडा कसा येईल?" आणि सगळी पडवी हसे. हळूहळू पोरंही पिशवीकडे परत आली. सविता सगळ्यात शेवटी आली.

गेल्या वर्षी डॉक्टरला भूक लागेनाशी झाली. सुरतेला जाऊन स्कॅन केला. तिथल्या डॉक्टरांना ती म्हणाली, "सांगू नका, दाखवा." चष्मा लावून तिने ती काळी फिल्म खिडकीशी धरली आणि पुष्कळ वेळ पाहिली. मग ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला. "बघितलं," ती म्हणाली. "आता थोडं घाबरू या." आम्ही तसेच बसून राहिलो. तिने हात सोडला नाही.

शेवटचे दोन महिने तिला झरीला जाता आलं नाही. तेव्हा झरीची माणसं एसटीने डहाणूला येत, अंगणात बसत आणि तिला न उठवता जात. ती पावसाळ्याच्या शेवटी, सकाळी, घरीच गेली.

परवानाधारक गेल्यावर शस्त्र ठाण्यात द्यावं लागतं. दादा बरोबर येतो म्हणाला, पण मी एकटाच गेलो. तिथल्या तरुण साहेबांनी नियम समजावला. "सर, वारस म्हणून तुमच्या नावावर अर्ज करता येईल. तुम्ही आता एकटेच असता ना?" मी नको म्हणालो. त्यांनी रिव्हॉल्व्हर उलटसुलट पाहिलं. "मॅडमनी निवड चांगली केली होती," ते म्हणाले. "हाताला फार बरं बसतं." मी हो म्हणालो.

झरीला आता एक तरुण डॉक्टर येतो, एक गुरुवार सोडून एक. मी दर गुरुवारी जातो. तो नसतो तेव्हा मी रक्तदाब मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. मला तेवढंच येतं.