डोंगरात राहिलेली लेक

तिला सगळे कवळीवाली म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे तिची अरुंद खोली होती. खिडकीत प्लास्टरच्या जबड्यांची रांग, टेबलावर मेणाच्या पट्ट्या, एक स्पिरिटचा दिवा आणि कवळीचे दात घासून आकार द्यायचं मशीन. विशीत ती तिथे जी बसली ती पन्नाशी जवळ आली तरी उठली नव्हती. "अर्ध्या शहरातल्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे," असं ती म्हणायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. लग्न राहून गेलं. आधी वडील गेले म्हणून, मग धाकट्या भावाचं शिक्षण चाललं होतं म्हणून, आणि पुढे कुणी विचारलंच नाही म्हणून. घरात आई, भाऊ आणि भावजय. कोणाचं कोणावाचून अडत नव्हतं, पण कोणी कोणाला सोडतही नव्हतं.

डोंगर चढायचा नाद तिला उशिरा लागला. दवाखान्यातल्या एका नर्सबरोबर सुट्टीच्या दिवशी टेकड्या चढता चढता पाच-सहा जणांची टोळी जमली. आणि एक दिवस ठरलं, की मोठ्या डोंगराची सगळी धार या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. चार दिवसांची वाट होती, मुक्काम तंबूत.

"दुरून डोंगर साजरे," आई म्हणाली. "मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं, आणि तू निघालीस आभाळात."

"मग तू नको येऊस."

"मी कशाला येतेय मरायला!" असं म्हणत आईने तिचे मोजे जोड्या लावून पिशवीत कोंबले.

पहिला दिवस नुसता चढ होता. दुसऱ्या दिवशी धारेवरचं जंगल लागलं आणि सगळ्यांची बडबड आपोआप थांबली. झाडं जेमतेम माणसाएवढी, सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांसारखी वाकलेली, आणि खोडापासून शेंड्यापर्यंत शेवाळाच्या ओल्या गोधड्या पांघरलेली. पायाखाली जमीन नव्हतीच. मुळांची जाळी आणि तिच्यावर शेवाळ, पाय चुकला तर गुडघ्यापर्यंत आत. धुकं झाडांतूनच निघाल्यासारखं येत होतं. हाक मारली तर दोन हातांवर विरून जायची.

वाटाड्याने बजावलं होतं, "पुढच्याची पाठ दिसत राहिली पाहिजे. नाही दिसली तर जागच्या जागी थांबायचं. शोधायला जायचं नाही."

ती सगळ्यांत शेवटी होती. घोट्याला जळू चिकटली म्हणून ती वाकली, जळू ओढून काढली आणि वर बघितलं तर धुकं. पण धुक्यात एक पाठ दिसत होती, जरा पोक काढून उभी, तिची वाट बघत असल्यासारखी. ती त्या पाठीकडे चालत गेली. पोचल्यावर हात लावला, तर ते शेवाळलेलं खोड होतं. मागे वळली तर वाट नव्हती.

ती ओरडली, शिट्टी वाजवली, रडली. उजेड जायच्या आत एका झाडाच्या मुळांखालची कपार सापडली, तिच्यात अंगाचं मुटकुळं करून शिरली. दात वाजत होते. तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, कुणीतरी वैतागून म्हणालं, "ओले मोजे काढ आधी. किती वेळा सांगायचं?"

आवाज आईचा होता. भास म्हणून तिने सोडून दिलं, पण मोजे काढले.

उजाडल्यावर खालून पाण्याची खळखळ ऐकू आली. पाण्यामागे गेलं की वस्ती लागते, एवढं तिलाही माहीत होतं. ती उठली. "पाण्यामागे जाऊ नकोस," आई म्हणाली. "खाली कडा आहे. बसून राहा."

"तुला काय माहीत? तू कधी डोंगर बघितलायस का?"

"उलटून बोलू नकोस. बस."

ती बसली. पुढचे दोन दिवस त्या कपारीत बसून ती आईशी भांडत राहिली. भूक लागलीय म्हटलं की आई म्हणायची, शेवाळ पिळ आणि पाणी पी. वाटाड्या माणसं घेऊन पोचला तेव्हा ती मोठमोठ्याने बोलत होती, म्हणूनच सापडली. खाली उतरताना त्याने तिला झाडीआड नेऊन दाखवलं. ओढा हाकेच्या अंतरावरून सरळ दरीत पडत होता, आणि धुक्यात काठ दिसतही नव्हता.

घराचं दार भावजयीने उघडलं. गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "वन्सं, आत जायच्या आधी एक सांगते. सासूबाई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसल्यात, उठतच नाहीत. तुम्ही हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. पण त्या आदल्या संध्याकाळपासूनच बोलतायत. मोजे काढ म्हणाल्या. पाण्यामागे जाऊ नकोस म्हणाल्या. आम्हाला वाटलं, उगाच बरळतायत."

ती तशीच लंगडत आत गेली. "आई, आले गं मी."

आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. परक्या बाईकडे बघावं तसं, पण सौजन्याने. "बसा ना बाई. फक्त आत्ता बोलू नका. माझी लेक डोंगरात आहे. तिला माझं ऐकू आलं पाहिजे."

डॉक्टर म्हणाले, धसका आहे, वयही आहे, येईल हळूहळू ध्यानात. महिने गेले, ध्यानात काही आलं नाही. मुलाला आणि सुनेला आई ओळखायची. जेवायची, वेणी घालायची, आणि खिडकीशी बसून डोंगरातल्या लेकीला हाका मारायची. "आज फार कुडकुडतेय बिचारी," असं सकाळी आई म्हणाली, की दिवसभर दिव्याच्या ज्योतीजवळ बसूनही कवळीवालीचे हात गार पडायचे. मशीन चालू असताना मधेच पायातले मोजे ओलेचिंब झाल्यासारखे वाटायचे. काढून बघावेत तर कोरडे ठाक. आपण नक्की किती परत आलो, हा प्रश्न तिला पडायला लागला.

आईची कवळी ढिली झाली होती. नवी करायची म्हणून तिने आईला खोलीवर नेलं. आईने शहाण्या मुलासारखा आ केला. माप घेऊन झाल्यावर तोंड पुसत म्हणाली, "हात हलका आहे हो तुमचा. तुम्हाला आई आहे का?"

"आहे."

"मग जा की घरी. वाट बघत असेल."

कवळी छान बसली. त्याच आठवड्यात तिने वाटाड्याला फोन केला.

"ताई, वेड लागलंय का तुला?" भाऊ म्हणाला. भावजय म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. रोज ते ऐकायचं आणि जगायचं, तुम्हाला जमलं असतं का?"

या वेळी ती आणि वाटाड्या, दोघंच होते. जंगल लागायच्या आधी वाटाड्याने विचारलं, "काही राहिलंय का तिथे?"

"हो," ती म्हणाली.

कपार त्याने बरोबर शोधली. मधे एवढे महिने गेले होते. आजूबाजूचं शेवाळ भरून आलं होतं. कपारीतलं मात्र दबलेलं होतं, गुडघे पोटाशी घेऊन कुणी निजावं तेवढं. तिने हात लावला. खोलगट जागा कोमट होती.

"जनावर बसत असेल," वाटाड्या म्हणाला, आणि दुसरीकडे बघायला लागला.

ती खाली वाकली. काय बोलावं ते तिने येताना खूप घोकलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. "चल," ती म्हणाली. "आई बोलावतेय."

परतताना तिने एकदाही मागे बघितलं नाही. एका उंच मुळावर वाटाड्याने हात देऊन तिला वर घेतलं, आणि सवयीने पुन्हा हात खाली केला, मागच्या माणसासाठी. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने तो खिशात घातला.

ती घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघर शांत होतं. आई खिडकीशी नव्हती, दाराशी उभी होती.

"किती गं उशीर!" आई म्हणाली. "पाय बघू. बघ, बघ, मोजे ओले ते ओलेच!"

तिने खाली बघितलं. वाट कोरडी होती, पाऊस नव्हता, आणि मोज्यांतून पाणी गळत होतं. आईने तिला खाली बसवून स्वतः मोजे काढले, पाय पुसले, आणि तिच्या नावाने लहानपणीच्या शिव्या घातल्या. भावजय ओट्याशी तोंड फिरवून रडत होती. भावाला काय करावं कळेना म्हणून त्याने चहा टाकला आणि उतू घालवला.

त्या रात्री आई गाढ झोपली. कवळीवालीचे पायही कितीतरी दिवसांनी ऊबदार झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईच्या केसांना तेल लावत होती. आई जिभेने नवी कवळी चाचपत होती. मधेच थांबली.

"अगं, ती बाई कुठे गेली?"

"कोण बाई?"

"तू डोंगरात होतीस ना, तेव्हा इथे राहायची. अबोल होती, पण फार जीव लावला तिने मला. दात करून दिले. न सांगताच गेली बघ."

तेलाचा हात केसांतच थांबला. "गेली असेल तिच्या घरी."

"तिची आई वाट बघत होती म्हणे." आईने खिडकीकडे मान वळवली. बाहेर लख्ख ऊन होतं. "पण पोचली का गं?"

"पोचली, आई."

आईचं समाधान झालं नाही. ती बाहेर बघत राहिली, आणि मग सवय नसलेल्या नावाने, जरा संकोचून, तिने खिडकीबाहेर हाक मारली, "अहो बाई..."