नोंगक्रोंगचा शनिवार

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या माझ्या दुसऱ्या वर्षी आमचे प्रोफेसर नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेले आणि माझं संशोधन अर्ध्यावर लटकलं. गाशा गुंडाळून नागपूरला परत जावं, असं मनात येऊ लागलं होतं. त्याच सुमारास नवी रूममेट आली. इंडोनेशियातल्या बांडुंगची, माझ्याहून बरीच लहान.

पहिल्याच दिवशी तिने मला "काक" अशी हाक मारली.

"आमच्याकडे काक म्हणजे कावळा," मी म्हटलं.

ती पोट धरून हसली. "आमच्याकडे ताई. मोठ्यांना नुसत्या नावाने कसं बोलावणार?"

आजीचा बाटिकचा शर्ट, खाली कुणाची तरी वापरलेली ढगळ जीन्स, पायात पांढरेशुभ्र बूट, अशा थाटात ती कॅम्पसच्या बसमध्ये चढायची. जुने कपडे हुडकून ते आपल्या ढंगात मिरवायचे, ही तिच्या मित्रमैत्रिणींची खास हौस होती. मी मात्र तोच एक राखाडी स्वेटर घालून खोलीत पडून असायची.

एका शनिवारी दुपारी ती म्हणाली, "काक, आज आपल्याकडे नोंगक्रोंग."

"म्हणजे काय?"

"सगळ्यांनी जमायचं आणि बसायचं."

"कशासाठी?"

"कशासाठीच नाही."

म्हणजे आपला कट्टाच की! तरी मला कुणाला भेटायचं नव्हतं. पण हॉलमध्येच सगळे बसणार, तर जाणार कुठे? सात-आठ जण आले. कुणी सकाळच्या धावण्याच्या ग्रुपचे फोटो दाखवत होतं, कुणी कोरियन गाण्यावर नाचायला शिकवत होतं. हिजाब घातलेली एक मुलगी जुन्या डेनिम जॅकेटवर बाटिकचा तुकडा टाचत बसली होती. रूममेट सगळ्यांसाठी बर्फ घातलेली दूध-कॉफी करत होती. तिकडच्या पोरांची ही लाडकी कॉफी. पण तिचा ताडगूळ मध्येच संपला.

मी उठले आणि आईने बॅगेत कोंबलेला गूळ काढून दिला. एक घोट घेऊन ती जॅकेटवाली म्हणाली, "घरासारखं लागतंय. तू काय करतेस, काक?"

एवढं साधं विचारलं आणि मी बोलतच सुटले. प्रोफेसर गेले, काम थांबलं, घरी अजून सांगितलं नाही, सगळंच. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी सल्ला दिला नाही. मग तिने सुई खाली ठेवली.

"फोटोंवरून कॉम्प्युटरने मोजमाप करतेस ना? आमच्या लॅबमध्ये मातीचे फोटो नुसते पडून आहेत. आमच्या मॅडम माणूस शोधतायत. सोमवारी ये."

सोमवारी मी गेले. मॅडमनी माझं जुनं काम बारकाईने पाहिलं, भरपूर प्रश्न विचारले आणि आठवड्याभरात होकार कळवला. मग आईला फोन करून सगळं सांगितलं.

"एवढं शिकून मातीत हात घालणार होय?"

"हो गं. आवडेल असं वाटतंय."

"मग घाल बाई. थंडीत मोजे घालून जा."

पुढच्या आठवड्यात मी आणि जॅकेटवाली मक्याच्या रिकाम्या शेतात नमुने घ्यायला गेलो. वारा बोचरा होता. तिने फावडं माझ्या हातात दिलं. वरची माती गोठून टणक झाली होती. जरा जोर लावल्यावर खालची काळी, भुसभुशीत माती वर आली.