मोहररमामांचे पाव्हणे

मोहररमामा मुद्देमालाच्या खोलीचं कुलूप उघडण्याआधी दार वाजवायचे. आत माणूस नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. आत चोरीच्या सायकली, दारूच्या कॅन, एक कुऱ्हाड, कुणाची तरी शिलाई मशीन. तरी दोनदा टकटक, मग किल्ली. पहिल्या दिवशी मी हसले.

"हसतं काहून, पोरी? पाव्हणे आहेत आतमंदी. आपल्याकडं मुक्कामाले आले. जसे आले तसेच परत गेले पाहिजेत."

केळापूर तालुक्यातलं आमचं लहानसं ठाणं. मोहरर म्हणजे ठाण्याचे कागद आणि जप्तीचा माल सांभाळणारा हवालदार. मी नुकतीच भरती झालेली, ठाण्यातली एकुलती एक बाई शिपाई. गणवेशाला इस्त्री इतकी कडक की बसताना आवाज यायचा. आरशासमोर उभी राहून स्वतःलाच सलाम ठोकायचे, म्हणजे बघा. दरोडेखोर पकडायला आलेल्या या रणरागिणीला साहेबांनी नेमलं कुठे, तर मामांच्या हाताखाली, चिठ्ठ्या बांधायला.

जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूला पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, चिठ्ठीला दोरा आणि दोऱ्याच्या गाठीवर लाखेची मोहोर. गाठ मामांची स्वतःची होती, दुहेरी आणि मध्ये उलटा पीळ. एकदा सोडली की दुसऱ्या कुणाला तशी बसवता यायची नाही. मला शिकायला कितीतरी दिवस लागले. माझी सारखी सुटायची आणि मामा दोरा माझ्यापुढे सरकवायचे. "एवढी गाठ कायले, मामा?" मी कंटाळून विचारलं, तेव्हा म्हणाले, "चोर बाहेरचाच असते, असं थोडीच आहे."

मग एका कोंबडबाजारावर धाड पडली. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून झुंजवलेले कोंबडे तिथेच मेले होते. जिवंत सापडला तो एक लाल, तुरेबाज. त्याचा मालक दौलतबाबा जुगाराच्या गुन्ह्यात आरोपी, आणि कोंबडा मुद्देमाल. मामांनी त्याच्याही पायात चिठ्ठी बांधली. गरम लाख त्याला लागू नये म्हणून गाठीखाली पुठ्ठा धरला आणि वर फुंकर घालत बसले.

जामिनावर सुटलेला दौलतबाबा दर बाजाराच्या दिवशी मूठभर ज्वारी घेऊन यायचा. मुद्देमालाच्या खोलीच्या खिडकीच्या गजांतून दाणे टाकायचा. बोलायचा कोंबड्याशी, आमच्याशी नाही. पोलिसांसमोर त्याची मान वर होत नसे.

कोर्टाची तारीख आली. कोंबडा हजर करायचा होता आणि हमीपत्रावर मालकाला परत मिळणार होता. त्या सकाळी मामांनी दार वाजवलं, उघडलं, आणि बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा कोंबडा त्यांच्या हातावर होता. मान लोंबलेली.

ठाणेदारसाहेब नवीन होते; हवालदार म्हणून मामांना मेजर म्हणायचे. तपासणी तोंडावर आलेली. "कोर्टात काय मढं नेता, मेजर? जिल्हाभर हसतील आपल्याला. बाजारातून दुसरा आणा."

तासाभरात तसाच लाल कोंबडा आला आणि धरायला माझ्याकडे दिला गेला. दरोडेखोर पकडणारी मी. कोंबडा अंगापासून लांब धरून उभी. इस्त्रीच्या गणवेशावर त्याने पहिल्याच मिनिटाला आपला शेरा मारला.

"चिठ्ठी काढा आणि याच्या पायात बांधा," साहेब मामांना म्हणाले.

"नाही होत, साहेब."

"कोण ओळखणार आहे?"

"दौलत ओळखते."

"तो काय बोलणार? आरोपी आहे तो."

"तो बोलणार नाही, म्हणून तं मले बोला लागते."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "निवृत्तीला किती राहिलं तुमचं? मुद्देमालात हयगय केली असा अहवाल गेला, तर पेन्शनचे कागद कुठे अडकतील, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे." मामांनी मेलेला कोंबडा टेबलावर ठेवला, पायातली चिठ्ठी सरळ केली.

साहेब माझ्याकडे वळले. "तुला येते ना यांची गाठ?"

येत होती. दोनच दिवसांपूर्वी पहिल्यांदा मनासारखी बसली होती. मामा माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते. "साहेब, माझी सुटते," मी म्हणाले, आणि हातातला कोंबडा टेबलावरून, साहेबांच्या टोपीवरून, उघड्या खिडकीतून पार.

पुढे लोक म्हणाले, बाई धीराची. खरं सांगू? मेल्याने मनगटावर चोच मारली होती.

दुसरा आणायला वेळ उरला नव्हता. जनावरांचे डॉक्टर आले, पंच आले, पंचनामा झाला. मामांनी कोंबडा धुतलेल्या फडक्यात गुंडाळला आणि कोर्टात नेला. तिथे दौलतबाबाने फडकं उघडून चिठ्ठी पाहिली नाही, तुरा पाहिला. किती तरी वेळ त्यावर हात ठेवून उभा होता. मग पहिल्यांदाच मान वर केली. "मेला तं मेला, मेजर. पण माहाच मेला, हे तं मालूम पडलं."

अहवाल गेलाच. मामांची बदली यवतमाळला झाली आणि पेन्शन फार रखडली. निघताना त्यांनी खोलीचं दार वाजवलं, आत गेले नाहीत, किल्ली माझ्या हातात दिली. "कवा कवा बोलत जा त्यायच्याशी."

मीही केव्हाच निवृत्त झाले. आता म्हणे मुद्देमालाला यंत्रावर वाचायच्या पट्ट्या लावतात. माझ्या घरी मात्र नातवंडं चार्जर, चष्मे विसरून गेली की मी त्यांना दोरा बांधून ठेवते. "आजी, ही गाठ सुटतच नाही," म्हणून फोन येतात.

मामा गेले ते फार आधी, मी नोकरीत असतानाच; कळलं तेव्हा सरकारी दवाखान्यात पोचले. पांढऱ्या चादरीखालून पाय बाहेर आले होते. अंगठ्याला नावाची चिठ्ठी, आणि गाठ अगदी गबाळी, आता सुटेल की मग सुटेल. वॉर्डबॉय म्हणाला, "हात नका लावू, बाई." मी खाली बसले, दोरा सोडला आणि पुन्हा बांधला. दुहेरी, मध्ये उलटा पीळ.

सुटली नाही.