चिखलेची उजवी पोटरी

बटालियनच्या रनिंग टीमबरोबर माझी पोस्टिंग मालिशवाला म्हणून होती. कागदावर त्याला मसाजर म्हणायचे. सिव्हिलमधले लोक विचारतात, फौजेत कुठे होतात? मी सांगतो, पोटऱ्यांवर. ते हसतात. मला हसू येत नाही. का येत नाही ते आज सांगतो. सरळ सांगतो, फिरवून सांगायची सवय नाही.

मी हवालदार साळवे, घाटकोपरचा. आधी साधा इन्फन्ट्रीचा जवान होतो. गुडघा गेला म्हणून मला मालिशच्या कोर्सला पाठवलं. चार महिने. कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो. धावण्याआधी हात हलका आणि भरभर, धावल्यावर सावकाश आणि पायाकडून हृदयाकडे. ताज्या दुखापतीवर हात नाही, बर्फ. आणि एक गोष्ट उस्ताद रोज घोकून घ्यायचे. पोटरी दुखते म्हणाला की आधी विचारा, कुठल्या पावलाला धरलं? स्नायू ताणला असेल तर धावणारा जागा सांगतो, अमुक वळणावर, तमुक चढावर. जागा सांगता आली नाही, पाय गरम लागला, तर फीत काढा आणि दोन्ही पोटऱ्या मोजा. एक जाड निघाली तर हात मागे घ्या आणि एमआय रूमला, म्हणजे फौजेच्या दवाखान्यात, पाठवा. आत रक्ताची गुठळी असू शकते. दाबली तर सुटते आणि फुप्फुसात जाऊन बसते.

हे सगळं मला येत होतं. परीक्षेत मी पहिला आलो होतो.

रोजचं काम ठरलेलं. चार पन्नासला उठायचं. पाच ते पाच चाळीस सात जणांचे पाय. पाच चाळीसला सुभेदार राणा साहेबांना रिपोर्ट द्यायचा, किती फिट, किती अनफिट. माझ्या रिपोर्टवर कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. साळवेचा हात लागला की खेचरसुद्धा पळतं, असं टीममध्ये म्हणायचे. ते ऐकायला मला आवडायचं. नको तितकं आवडायचं.

टीमचा सगळ्यात चांगला धावणारा नाईक हरेश्वर चिखले. वेसाव्याचा कोळी. हुद्द्यानं मी वरचा, पण टीममध्ये मुंबईचे आम्ही दोघेच, म्हणून कुणी नसलं की अरे-तुरे चालायचं.

"तुमच्या घाटकोपरात समुद्र नाय, बंदर नाय. माणसं जगतात कशी रे?"

"तुमच्या वेसाव्यात बोंबलाचा वास. तुम्ही श्वास कसा घेता ते सांग आधी."

असलं आमचं बोलणं. घोट्याला लागून त्याचा उजवा पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये होता, तेव्हा त्याच्या खाटेवर बसून आम्ही हेच बोलत होतो.

प्लास्टर निघालं आणि दहा दिवसांनी टीम मुंबईला आली. रविवारी अंधेरीतून रोड रेस होती. टीमचे सहा जण शर्यत पुरी करतील तरच निकाल धरणार होते. दोन दिवसांचा गाडीचा प्रवास झाला. चिखले वरच्या बर्थवर होता. सारखं खाली उतरायला नको म्हणून पाणीसुद्धा मोजकंच प्यायला. आम्हाला गोरेगावच्या बाजूला ट्रान्झिट कॅम्पमध्ये उतरवलं. प्रॅक्टिस आरे कॉलनीत. चिखलेच्या आईनं त्याला कधी धावताना पाहिलं नव्हतं. रविवारी ती मासळीची पाटी न भरता रस्त्याच्या कडेला उभी राहणार होती. त्यानं आम्हा प्रत्येकाला हे दोनदोनदा सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी एक जण तापानं पडला. उरले सहा. पाच पंचवीसला चिखले टेबलावर पालथा झोपला.

"उजवी पोटरी जड झालीय रे. दुखते."

"कुठल्या पावलाला धरलं?"

"पाऊल नाय. गाडीतच चालू झालं. बसल्या बसल्या."

मी हात ठेवला. पोटरी गरम होती. कातडी ताणलेली, चकचकीत. फीत माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होती, हात लांब केला असता तर आली असती. मी काढली नाही. काढली असती तर आकडा दिसला असता, आणि दिसला असता तर सांगावा लागला असता. सांगितला असता तर पाच उरले असते आणि आल्या पावली टीम परत गेली असती. साळवेचा हात कमी पडला असं झालं असतं. हेही मनात होतं. हे जास्तच होतं.

तो म्हणाला, "एमआय रूमला जाऊ काय? तू सांगशील तसं."

मी म्हणालो, "गप पड. दोन मिनटांत मोकळी करतो."

दोन्ही अंगठे लावून घोट्यापासून वर दाबत गेलो. खोल. त्यानं टॉवेल दातात धरला. शिकवलं होतं तसंच, पायाकडून हृदयाकडे.

पाच चाळीसला साहेब आले.

"साळवे, रिपोर्ट."

"छे फिट, साब. एक बुखार."

"चिखले?"

"फिट, साब."

सहा दहाला टीम आरेच्या रस्त्याला लागली. मी मागच्या जिप्सीत, हातात वॉकी-टॉकी. साहेब पुढे पाच किलोमीटरच्या खुणेवर उभे होते. सहा सत्तावीसला गोठ्यांजवळच्या चढावर चिखले थांबला. त्यानं पायाला हात लावला नाही, छातीला लावला. मग रस्त्याच्या कडेला बसला आणि कलंडला.

"साब, एक आदमी नीचे. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"चिखले. ओव्हर."

"होश में है? ओव्हर."

"नहीं साब."

जिप्सीत घालून आम्ही त्याला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. वाटेभर मी त्याची छाती दाबत होतो. सात वीसला डॉक्टरांनी गेला असं सांगितलं. मग विचारलं, पायाची काही तक्रार होती का? मी म्हणालो, नाही.

त्या वेळी बोलून गेलो म्हणावं, तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीतही तेच सांगितलं. सावधान उभा राहून सांगितलं. पोस्टमॉर्टेममध्ये गुठळी निघाली होती, पायातून फुप्फुसात गेलेली. चौकशीत लिहिलं गेलं की जवानानं दुखणं लपवलं. शर्यतीत नाव राहावं म्हणून त्यानं कुणालाही सांगितलं नाही, असं सगळे धरून चालले. मेलेला माणूस उलट बोलत नाही. त्या आधारावर मी माझी नोकरी पुरी केली आणि सन्मानानं निवृत्त झालो. थू अशा सन्मानावर.

चौकशीत काय निघालं ते त्याच्या घरी सांगायलाही मलाच धाडलं. साहेब म्हणाले, तू वहाँ का है, तू बोल. वेसाव्यात त्याची आई दारातच भेटली. मी म्हणालो, "मावशी, त्यानं कुणाला सांगितलंच नाही." ती आधी रडली नाही, चिडली.

"असाच तो. पायात काटा मोडला तरी सांगायचा नाय. मुलखाचा हट्टी."

मी मान हलवली. हो मावशी, म्हणालो. तिनं दिलेलं पाणी प्यायलो.

याला नऊ वर्षं झाली. मी आता अंधेरीत एका फिजिओथेरपिस्ट डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काम करतो. धावणारे, बॅडमिंटनवाले, कबड्डीची पोरं येतात. काम चांगलं आहे. माझं नाव आहे म्हणतात.

गेल्या महिन्यात मुलुंडच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, मॅरेथॉन पळणाऱ्या, मुलाकडून चौदा तासांच्या विमानानं आलेल्या. डावी पोटरी दुखत होती. कुठल्या पावलाला धरलं ते सांगता येईना. मी फीत काढली. तीन सेंटिमीटरचा फरक. मी टेबलापासून मागे सरलो आणि म्हणालो, "मॅडम, मी हात लावणार नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा." त्या वैतागल्या, दोन तासांचा ट्रॅफिक तुडवून आले म्हणाल्या. मी रिक्षा बोलावून त्यांना बसवून दिलं.

बारा दिवसांनी त्या पेढे घेऊन आल्या. गुठळीच निघाली होती. सगळ्या पेशंटांसमोर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "साळवे, या हातांनी मला वाचवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरही वाजवत होते. कुणीतरी जोड्यानं मारावं आणि आपण ते मुकाट घ्यावं, तसा मी उभा होतो. खाई त्याला खवखवे. पेढा टेबलावर ठेवला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वेसाव्याला गेलो.

दुपारचे तीन वाजले होते. मावशी म्हातारी झाली आहे. तिनं मला लगेच ओळखलं, खुर्ची दिली. भिंतीवर हरेश्वरचा वर्दीतला फोटो होता. त्याचं नाव कुठल्या स्मारकावर नाही. लढाईत गेला नव्हता, त्यामुळे नियमानं बसत नाही.

मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं.

"मावशी, त्यानं सांगितलं होतं. पोटरी दुखते म्हणाला होता. दवाखान्यात जाऊ का असंही विचारलं होतं. मी नको म्हणालो. मग मीच ती पोटरी दाबली, आणि त्यामुळेच तो गेला. नंतर मी खोटं बोललो. साहेबांशी, चौकशीत आणि इथे तुझ्या दारात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. तेवढं तरी करायचंच, असं ठरवून आलो होतो.

"सांगितलं व्हतं त्यानं?"

"हो."

"तुला?"

"मला."

"नऊ वर्सं मी रोज सकाळी त्या फोटूला शिव्या घालते," ती म्हणाली. "हार घालते नि शिव्या घालते. तोंड उघडला असतास तर मेला नसतास, म्हणून. माज्या पोराला."

मला माफी मागायची होती. शब्द पाठ करून आलो होतो. ती माझ्यासाठी थांबलीच नाही. हात टेकून उठली, मला ओलांडून दारात गेली. समोरच्या ओट्यावर तिच्या वयाच्या तिघी मासळी निवडत बसल्या होत्या.

"अगो, ऐकलं काय?" तिनं त्यांना सांगितलं. "माज्या हरेश्वरनं सांगितलं व्हतं गो. लपवलं नव्हतं त्यानं. सांगितलं व्हतं."

तिघींचे हात थांबले. एकीनं मान वाकडी करून आत माझ्याकडे पाहिलं.

"नि ह्यो कोण?"

"ज्याला सांगितलं व्हतं, तो," मावशी म्हणाली.